लोकरीने फोटो जोडले तर त्याला वस्त्रकला म्हणायचं का? (सिल्विना देर मेगेर्दिचियान)

ओवी_लिहिते
बरेच दिवस मनात आहे म्हणून धागा काढतेय. सिल्विना देर मेगेर्दिचियान, जन्म १९६७, ब्युनोस आयर्स, आजी-आजोबा आर्मेनियन, स्वतः १९८८ पासून बर्लिनला. ऑटोमन तुर्कांनी १९१५ मध्ये केलेल्या आर्मेनियनांच्या नरसंहारातून जे वाचले ते अलेप्पो, बैरुत, मार्सेय, पार अर्जेंटिनापर्यंत विखुरले, त्या पसाऱ्यातून ही बाई आलीय. ती काय करते तर जुने फॅमिली फोटो, पासपोर्ट, सरकारी कागद यांच्या प्रती घेते आणि त्यांना क्रोशाच्या लोकरीच्या कडा करून एकमेकांत गुंफत जाते, भिंतभर पट होतो त्याचा. जवळून बघितलं की अनोळखी चेहरे आणि शिक्के, लांबून बघितलं की गालिचा. माझं मत स्पष्ट आहे, आज आर्मेनियन वारशावर जे वस्त्रकाम होतंय त्यात हे सगळ्यात खरं आहे, कारण घराणंच तुटलेलं असेल तर अखंड गालिचा विणून दाखवणं म्हणजे काही घडलंच नाही असं दाखवणं. तुम्हाला काय वाटतं?

ताणाबाणा
ओवी, मला अजिबात पटलं नाही. क्रोशे जगात कुठेही करतात, त्यात आर्मेनियन काय आहे? त्या लोकांची कला म्हणजे दुहेरी गाठीचे गालिचे, माराशचं गुंफणीचं भरतकाम, आयन्ताबचं (दोन्ही गावं आता तुर्कस्तानात) पांढऱ्यावर पांढरं दोरे काढून केलेलं काम, गाठी मारत केलेली सुईची लेस. लाल रंगसुद्धा त्यांचा स्वतःचा, अरारातच्या मैदानातल्या खारट जमिनीत गवताच्या मुळाशी किडे असतात त्यांच्यापासून काढलेला, वोर्दान कार्मिर. हे सगळं हातात यायला वर्षं जातात. ते बाजूला ठेवून फोटो जोडले की बघणारा फोटोतल्या माणसांसाठी रडतो, टाक्यासाठी नाही. फोटो काढून घ्या आणि उरलेलं काम बघा, काय राहतं?

ओवी_लिहिते
फोटो का काढून घ्यायचे पण? गालिच्यातली नक्षी काढून घ्या म्हणतो का आपण? आणि हे तंत्र शिकवायचं कुणी, हे पण सांगा ना. विणणाऱ्या बायकाच हद्दपारीच्या वाटेत मेल्या, गावं गेली, माग गेले. एका पिढीकडून दुसरीकडे जायला मधली पिढी जिवंत लागते.

मीरा_सुरत
इथे थोडं अडवते. तंत्र मेलं नव्हतं. वाचलेल्या बायकांनी अलेप्पो आणि बैरुतच्या निर्वासित छावण्यांत भरतकाम आणि लेस विकूनच पोरं जगवली, मिशनवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये माराशचा टाका पोटासाठी चालू राहिला. आणि लेबनॉनमधलं गाझीर विसरू नका. तिथल्या अनाथाश्रमात ४०० मुलींनी १० महिने बसून एक गालिचा विणला, ४४ लाखांच्या आसपास गाठी, सगळीकडे प्राणी-पक्षी, आणि १९२५ मध्ये तो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिला, निअर ईस्ट रिलीफ या अमेरिकन मदतसंस्थेने केलेल्या मदतीबद्दल आभार म्हणून. आई-बाप गेलेल्या मुलींनी अखंड गालिचा विणला ना? मग ओवी म्हणतेय की अखंड विणणं म्हणजे काही घडलं नाही असं दाखवणं, ते त्या मुलींना लागू करून बघ एकदा.

ओवी_लिहिते
मीराताई मुद्दा जोरदार आहे, पण त्याच गालिच्याचं पुढे काय झालं बघा. कूलिज निवृत्त झाल्यावर तो घरी घेऊन गेले, १९८२ मध्ये कुटुंबाने व्हाइट हाऊसला परत दिला आणि तो गोदामात पडला. २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला कार्यक्रमात मांडायचा होता तर व्हाइट हाऊसने द्यायला नकार दिला, कार्यक्रमच रद्द झाला. शेवटी २०१४ च्या नोव्हेंबरात जेमतेम काही दिवस लोकांना बघायला मिळाला. इतका सुंदर, इतका गुळगुळीत की कुणालाही गुंडाळून ठेवता आला. आणि त्या ४०० जणींची नावं त्यावर कुठे नाहीत, आभार कुणाचे ते मात्र पाठीमागच्या पट्टीवर लिहिलंय. सिल्विनाच्या पटात चेहरा आहे, शिक्का आहे, कागद आहे. तो बघून कुणी म्हणू शकत नाही की छान रंगसंगती.

ताणाबाणा
नाव घालायला कागद कशाला लागतो? गोहारचा गालिचा बघ. १७०० च्या आसपासचा, आणि त्यात विणणारीने आर्मेनियन लिपीत स्वतःच लिहून ठेवलंय की मी गोहार, पापी आणि दुबळ्या जिवाची, नव्याने शिकलेल्या हातांनी हे विणलं, वाचणाऱ्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी. अक्षरं गाठींची आहेत!! एक बाई ३०० वर्षांपूर्वी मागावर बसून आपल्याशी बोलते आणि त्यासाठी तिला बाहेरून काही चिकटवावं लागत नाही. गाझीरच्या मुलींची नावं नाहीत तो दोष गालिच्याचा नाही, काम करवून घेणाऱ्यांचा आहे.

फोर्टवाला
मुंबईत फोर्टात आर्मेनियन चर्च आहे, सेंट पीटर, १७९६ चं, त्यामुळे या विषयाशी माझं थोडं जुनं नातं आहे. शुद्ध आर्मेनियन टाका कुठला यावर भांडताय पण हे व्यापारी लोक होते हो, इराणात इस्फहानजवळच्या नवा जुल्फा या आर्मेनियन वस्तीतून सुरत, मद्रासपर्यंत कापडाचा धंदा. त्यांच्या चर्चमध्ये वेदीपुढे पडदा असतो, मोठ्या उपासाच्या काळात तो बंद ठेवतात. १८ व्या शतकातले त्यातले काही पडदे मद्रासला छापलेले-रंगवलेले आहेत, म्हणजे हात आपल्याकडच्या कारागिरांचे, कापड आपलं, वर आर्मेनियन अक्षरं आणि संत. ते आर्मेनियन नाहीत असं त्यांचा एकही पाद्री म्हणणार नाही. मग क्रोशाने काय घोडं मारलंय?

ताणाबाणा
फोर्टवाला, तुमचा पडद्याचा मुद्दा मान्य, पण त्या मद्रासच्या कारागिराला त्याचं काम येत होतं. माझी तक्रार शुद्धतेची नाहीच, कसबाची आहे. २०१५ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात आर्मेनियाच्या दालनाला गोल्डन लायन हा तिथला मोठा पुरस्कार मिळाला, व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावरच्या आर्मेनियन मठात जगभर विखुरलेल्या आर्मेनियन कलाकारांचं काम होतं, सिल्विना त्यात होती, आनंदच आहे. पण असा मान क्रोशाच्या पटाच्या वाट्याला येतो आणि माराशचा टाका अजून येणारी म्हातारी हस्तकला प्रदर्शनाच्या टेबलावर रुमाल विकत बसते. तिला कुणी कलाकार म्हणत नाही. याचं उत्तर दे ओवी.

ओवी_लिहिते
त्या बाईला कलाकार म्हणायलाच हवं, तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. पण त्याची शिक्षा सिल्विनाला का? व्हेनिसला तिने मांडलं होतं ते पणजीच्या वहीवरून केलेलं काम, घरगुती औषधांची वही. गालिचा नाही, दागिना नाही, काढे आणि लेप. घरात जे शिल्लक राहिलं त्यातूनच ती काम करते. माराशचा टाका तिच्या घरी उरला नसेल तर तो उसना आणून वारसा म्हणून मिरवणं मला जास्त खोटं वाटेल.

मीरा_सुरत
उसना का, शिकलेला म्हण. गोहारनेच लिहिलंय ना, नव्याने शिकलेले हात. पणजीकडून आलं नाही ते दुसऱ्या कुणाच्या पणजीकडून शिकता येतं, बैरुत आणि आर्मेनियाची राजधानी येरेवानला शिकवणाऱ्या बायका आहेत अजून. मला सिल्विनाचं काम आवडतं, तरी या एका बाबतीत मी ताणाबाणाच्या बाजूने.