माश्यांची गणपूर्ती आणि ग्रामसभेची गणपूर्ती

(कोनाडा, मोहोळ, सातबारा आणि उलटतपासणी ही या चर्चेतल्या चौघांची टोपणनावं.)

कोनाडा (प्रश्न)

भाषणात मधमाशी हमखास येते. शिस्त, कष्ट, राणीची आज्ञा, आणि मग "आपणही असं वागलो तर...". उपदेश बाजूला ठेवून विचारतो: जीवशास्त्रातून कारभारासाठी हाताला लागेल अशी एखादी पद्धत मिळते का?

चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एक उदाहरण धरू. १,५०० वस्तीचं गाव. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने रोजचं पाणी ८२,५०० लिटर. उंच टाकीसाठी पाच जागा सुचल्या आहेत आणि निवड ग्रामसभेत व्हायची आहे. सभेत एरवी जो आधी बोलतो किंवा ज्याचा आवाज मोठा, त्याचीच जागा ठरते. नवं घर शोधताना माश्या हे कसं टाळतात?

मोहोळ

राणीची आज्ञा आधी खोडून टाका. थव्यात राणी असते, पण घर निवडण्यात तिचा काही हात नसतो. (पुढचे आकडे युरोपीय माशीचे, म्हणजे एपिस मेलिफेराचे. आपल्या सातेरीला ते जसेच्या तसे लावू नका.)

थव्यात साधारण १०,००० माश्या. त्यांतल्या फक्त काहीशे टेहळणीला जातात, बाकीच्या फांदीला लटकून असतात. पसंतीची ढोली साधारण ४० लिटरची, तोंड लहान, जमिनीपासून उंच. जर्मनीत मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या सुमारास हे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी एकेक माशीवर रंगाचा ठिपका देऊन तपासलं. सीलींच्या एका प्रयोगात एक पेटी ४० लिटरची आणि चार १५ लिटरच्या होत्या. पाचपैकी चार वेळा थव्याने मोठी पेटी निवडली, आणि ती बहुतेकदा सगळ्यात आधी सापडलेली नव्हती.

यामागे तीन गोष्टी आहेत.

जागा पाहून आलेली माशी थव्यावर नाचते आणि नाचातून जागेची दिशा सांगते. जागा जितकी चांगली तितके फेरे जास्त. तो नाच पाहून दुसरी माशी निघते, पण पहिलीचा जोर उसना घेत नाही. स्वतः आत शिरून ढोली तपासते आणि स्वतःला वाटलं तेवढंच नाचते. नाही पटलं तर नाचतच नाही.

दुसरी गोष्ट सभेसाठी सोन्यासारखी. तीच माशी त्याच जागेहून परत आली की दर खेपेला साधारण १५ फेरे कमी करते, जागा कशीही असो. समजा उत्तम जागेसाठी सुरुवात ९० फेऱ्यांनी झाली आणि बऱ्या जागेसाठी ३० ने. पहिलीची बेरीज ९०+७५+६०+४५+३०+१५, म्हणजे ३१५. दुसरीची ३०+१५, म्हणजे ४५. सुरुवातीचा तिपटीचा फरक सातपट झाला, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वकील शेवटी आपणहून गप्प बसला. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. विरोध झाला की माणसाचा आवाज चढतो.

तिसरी गोष्ट निर्णयाच्या क्षणाची. माश्या एकमताची वाट पाहत नाहीत. एखाद्या ढोलीपाशी एकाच वेळी २०-३० टेहळ्या दिसल्या की त्या परत येऊन पिपाणीसारखा आवाज काढत थव्यात फिरतात. बाकीच्या माश्या उड्डाणाचे स्नायू ३५ अंशांपर्यंत तापवतात आणि थवा उठतो. हे तपासायला एकाच ठिकाणी पाच सारख्याच चांगल्या पेट्या ठेवल्या. नाच सगळे त्याच दिशेचे, म्हणजे एकमत झालेलंच. तरी उड्डाणाला उशीर झाला, कारण टेहळ्या पाच दारांत वाटल्या गेल्या आणि कुठल्याच दाराशी संख्या भरेना.

म्हणजे बघा, ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी (मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या) आपण सभेच्या जागी मोजतो. माश्या ती घराच्या दाराशी मोजतात. पाचही जागा एकदाही न पाहिलेली शंभर डोकी सभेत बसली तर कायदा पुरा होतो, माहिती तितकीच तोकडी राहते. आणि तहकूब झालेल्या सभेला तर तीही अट नाही.

सातबारा

वरचं धरून टाकीपुरती रीत सांगतो.

सभेच्या आधी दहा दिवस पाचही जागांची यादी फलकावर लावा. प्रत्येक जागा किमान दहा जणांनी पाहायची, आणि ती सुचवणारा व त्याचे भाऊबंद त्या दहात धरायचे नाहीत. एकावेळी दोघांनीच जायचं. वीस जणांची सहल काढली की पहिल्याचं मत विसांचं होतं.

जाताना कागद एकच, पाहायच्या गोष्टी मोजक्या. टाकीचा तळ सगळ्यात उंच घरापेक्षा वर येतो का (दर १० मीटरला जेमतेम १ किलो दाब मिळतो, त्यातला काही नळातल्या घर्षणात जातो). सातबारा कोणाच्या नावावर, बोजा आहे का. विहिरीपासून अंतर किती, वीज कुठवर आलीय, सिमेंटचा ट्रक पोचेल का. जमीन मुरमाची की काळी, कारण काळी माती फुगते-आकसते आणि पाया महाग होतो. शेवटी दहापैकी गुण. कागद घडी घालून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्यायचा. बोलणं त्यानंतर.

सभेत आधी गुण वाचा, मग भाषणं. सरपंचांनी शेवटी बोलावं. एकाच जागेसाठी एका माणसाला पहिल्या वेळी तीन मिनिटं, दुसऱ्या वेळी दोन, तिसऱ्या वेळी एक, मग बस. माशीचा उतरता नाच तो हाच. मग चिठ्ठीने मत.

फसतं कुठे? सगळे कागद जमा होण्याआधीच गुण उघड सांगितले की. स्वतंत्र मताची किंमत साध्या गणितात दिसते: अकरा जण, प्रत्येक जण शंभरात ६० वेळा बरोबर, तर बहुमत सुमारे ७५ वेळा बरोबर येतं. पण दहा जण पहिल्याच्या मागे गेले तर अकरा हात वर होऊनही आकडा ६० वरच राहतो.

उलटतपासणी

रीत चांगली आहे, उपमेला मात्र आवर घाला. समाज म्हणजे शरीर किंवा पोळं, हे म्हणणं जुनं आहे आणि ते बहुतेकदा खालच्याला खाली ठेवायलाच वापरलं गेलं. पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या, पाय. रोममध्ये संपावर गेलेल्या सामान्यांना पोट आणि अवयवांची गोष्ट सांगून परत आणल्याची कथा.

माश्यांचं जमतं याचं कारण हितसंबंध. थवा मेला तर सगळ्याच मरतात. कामकरी माश्या एकाच राणीच्या लेकी, आणि त्यांतली एखादी अंडी घालायला लागलीच तर इतर कामकरी ती खाऊन टाकतात. म्हणजे ती एकी निव्वळ चांगुलपणाची नाही, तिथेही पहारा आहे. गावात टाकी कुठेही झाली तरी वेशीजवळच्या घराला पाणी येतं. नळाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीला येईलच असं नाही. हा हक्काचा प्रश्न आहे, तो गुणांच्या बेरजेत घालू नका. शेवटच्या नळाला किमान किती पाणी, हे आधी ठरवा. ज्या जागेहून ते शक्य नाही ती यादीतून बाद, मग तिला कितीही गुण पडोत. चवदार तळं कागदावर खुलं झाल्यानंतरही १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, हे पाण्याच्या चर्चेत विसरून चालत नाही.

मोहोळ

मान्य. पण विरोधाची सोय थव्यातही आहे. दुसऱ्या जागेची टेहळी नाचणारीला डोक्याने ढुशी देते आणि क्षणभर बारीक आवाज काढते. अशा ढुशा साचल्या की नाच थांबतो. सीली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की दोन जागा अगदी तुल्यबळ असल्या तर या ढुशांमुळेच कोंडी फुटते. सभेत याची जागा कारणासह लेखी हरकतीची. "मला पटत नाही" चालणार नाही. "पाया काळ्या मातीत जातो" चालेल.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)चं उदाहरणही जवळचं आहे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी. गट खोदून माहिती काढतो, पण ठरवत नाही. फरक इतकाच की मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतो, म्हणजे एकटा माणूसही अडवू शकतो. उलटतपासणी यांनी काढलेल्या शेवटच्या वस्तीच्या मुद्द्याला ते जास्त सुरक्षित.

कोनाडा

आणि एप्रिलमध्ये विहीर आटली, दहा दिवस हातात नाहीत, तर?

मोहोळ

टेम्नोथोरॅक्स नावाच्या चिमुकल्या मुंग्या हेच करतात. घर मोडलं आणि वर वारा सुटला तर त्या ठरलेल्या संख्येची अट खाली आणतात. निर्णय लवकर होतो, चूक जास्त होते. म्हणून घाईत फक्त टँकर कुठे उभा करायचा आणि तात्पुरती प्लॅस्टिकची टाकी कुठे ठेवायची एवढंच ठरवा. त्याला प्रत्येक जागा तिघांनी पाहिली तरी पुरे. काँक्रीटच्या टाकीला दहाचीच अट ठेवा, ती नंतर हलवता येत नाही.

सातबारा

तात्पुरत्या टाकीचा ठराव वेगळा लिहा आणि त्यात मुदतीची तारीख घाला. नाहीतर पुढच्या वर्षी "पाणी इथेच येतंय की" म्हणत पक्की टाकी तिथेच बांधली जाते.