टाचदुखीसाठी मापाचे इनसोल: सांगली-मिरज परिसरात सल्ला हवा आहे

वारणाकाठ:
माझी आई सांगलीत शिक्षिका असून तिला दिवसभर फरशीवर उभे राहावे लागते. सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते. डॉक्टरांनी प्लांटर फॅसायटिस (तळव्याखालच्या जाड पट्ट्याचे टाचेजवळचे दुखणे) सांगून मापाचे इनसोल, म्हणजे पायाच्या मापाने बनवून बुटात घालायचे आधाराचे तळ, सुचवले आहेत. तिचे तळपाय सपाट आहेत. इनसोल कोणाकडून करून घ्यावेत, आणि त्याने तिची चाल बदलेल का?

मिरजकर_फिजिओ:
इनसोल कोण बनवतो याआधी चिठ्ठीत काय लिहिले आहे ते पाहावे. नुसते ‘कमानीला आधार’ एवढेच लिहिलेले असेल, तर बनवणाऱ्याला अंदाजावर काम करावे लागते; टाचेच्या वाटीची खोली, कमानीची उंची, आतल्या बाजूला पाचर द्यायची का आणि किती अंशांची, मऊ ईव्हीए (फोमसारखा पदार्थ) वापरायचे की कडक पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिक), हे सारे तपासणीवरून ठरते. ही तपासणी म्हणजे यंत्रावर उभे करून तळव्याचे रंगीत चित्र काढणे नव्हे. पोटरी आखडली आहे का आणि चवड्यावर उभे राहिल्यावर कमान उचलली जाते का, हे हाताने व डोळ्यांनी पाहावे लागते. एकाच पायाची कमान अलीकडे बसली असेल आणि त्या पायावर टाच उचलता येत नसेल, तर इनसोलपूर्वी घोट्याच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध तपासून घ्यावा.

चालीतला फरक बघणाऱ्याला सहसा कळत नाही. पाऊल आत कलणे थोड्याच अंशांनी कमी होते, तेही प्रत्येकात सारखे नाही. खरा बदल भाराच्या वाटणीत होतो आणि टाचेवरचा दाब काही प्रमाणात मधल्या भागाकडे सरकतो. इनसोल काढला की सपाट पाऊल पुन्हा सपाटच.

खर्चाबाबत स्पष्ट सांगते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत तयार व मापाचे इनसोल टाचदुखीसाठी जवळपास सारखेच ठरले, आणि 12 महिन्यांनी दिखाऊ (फक्त तुलनेसाठी दिलेल्या, खरा आधार नसलेल्या) इनसोलच्या तुलनेतही फरक उरला नाही. त्यामुळे आधी चांगले तयार इनसोल आणि पोटरी व तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम करून पाहावेत. मापाचेच करायचे ठरल्यास भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेला ऑर्थोटिस्ट (असे आधार मापाने बनवणारा तज्ज्ञ) शोधावा.

यवतेश्वर_घाट:
साताऱ्याहून एक भर. कोल्हापुरी चपलेत इनसोल बसत नाही, म्हणून मागची बाजू घट्ट असलेला बूट आधी घ्यावा आणि माप देताना तोच सोबत न्यावा.

वारणाकाठ:
आभारी आहे. आईला मधुमेहही आहे, हे लिहायचे राहिले.

मिरजकर_फिजिओ:
मग क्रमच बदलतो, कारण मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होऊ शकते. प्रथम 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (ठरावीक दाब देणाऱ्या नायलॉनच्या तंतूने) ती तपासून घ्या. संवेदना कमी असेल तर कडक प्लास्टिक टाळावे, मऊ थराचा इनसोल पुरेशी खोली असलेल्या बुटात घालावा, सुरुवातीला तो थोडाच वेळ वापरावा आणि प्रत्येक वेळी बूट काढल्यावर तळव्यावर लाल वण उमटला आहे का, हे घरातील कोणीतरी पाहावे.