आईच्या पायातली ताकद जातेय, न्यूरोसर्जनसाठी तीन आठवडे थांबावं का?
आई 62 वर्षांची, मधुमेह आहे. चार महिन्यांपासून कंबरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये कंबरेच्या एल4-एल5 मणक्यांमधली गादी सरकून नस दबलेली दिसते. सहा आठवडे फिजिओथेरपी झाली, नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबलिन गोळी चालू आहे. कळ कमी झाली, गुंगी मात्र फार. खरी काळजी वेगळीच आहे: आठवडाभर चालताना डावी चप्पल निसटते आणि तिला कळतही नाही. अंगठा वर उचलता येत नाही. लघवी-शौचावर ताबा आहे, ताप नाही. हाडांच्या डॉक्टरांनी न्यूरोसर्जनला दाखवा म्हटलंय, पण वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळतेय. आम्ही साताऱ्यात राहतो, पुण्याला नेता येईल. बधिरपणा मधुमेहाचा की दबलेल्या नसेचा, हे कळायला एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) आधीच करून न्यावी का? आणि ताकद कमी होत असताना इतकं थांबावं, की उद्याच तातडीच्या विभागात न्यावं?