आधी लेन्स, मग बॉडी

संध्याकाळची छायाचित्रे किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सने) दाणेदार येतात म्हणून नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यावी का, या आपल्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: आधी लेन्स बदलावी. १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), तर ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स तिच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते, त्यामुळे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे वाढतात) ६४०० वरून ८०० च्या आसपास आणता येतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दिवेलागणीनंतर नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच, जड काठी) पेलणाऱ्याच्या कपाळावरचा घाम मला जुन्याच बॉडीवर, याच लेन्सने स्वच्छ टिपता आला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर उडत्या पक्ष्यांवरचा फोकस वारंवार चुकत असेल, तर मात्र बॉडीचा विचार जरूर करावा. निकॉनच्या प्राथमिक बॉडींत बहुधा फोकस मोटर नसते, म्हणून जुनी एएफ-डी लेन्स (जिचा ऑटोफोकस बॉडीतल्या मोटरवरच चालतो) घेण्यापूर्वी तेवढे तपासून घ्यावे.