आठ वर्षांच्या लेकराची बोनमॅरो तपासणी आहे, फार घाबरतंय. तयारी कशी करावी?

गोदाकाठची_माय
नमस्कार. मुलगा ८ वर्षांचा, वजन २० किलो. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कमी येताहेत, म्हणून येत्या गुरुवारी संभाजीनगरला बोनमॅरो तपासणी (हाडाच्या आतला मगज काढून बघणं) सांगितली आहे. सुई दिसली की लेकरू थरथर कापतं, साधं रक्त काढायलाही तिघांना धरावं लागतं. त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही. आजी म्हणतात, सांगूच नका, फिरायला म्हणून न्या. कधी सांगावं, कोणत्या शब्दांत सांगावं, आणि तिथं आपल्या हातात काय असतं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

वॉर्डातली_सिस्टर
ताई, फिरायला म्हणून अजिबात नेऊ नका. दवाखान्याच्या फाटकातच त्याला कळेल, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तो तुमच्यावर अविश्वास ठेवूनच येईल. उपचार लांबले तर हा विश्वासच सगळ्यात जास्त लागतो.

पण त्याला सांगण्याआधी वॉर्डात फोन करा. गुंगी देणार की नुसती जागा बधिर करणार? आई कुठपर्यंत आत थांबू शकते? लहान मुलांना सकाळचा पहिला नंबर मिळेल का? घाटी (तिथलं सरकारी रुग्णालय) असो, शासकीय कर्करोग रुग्णालय असो की खाजगी दवाखाना, हे विचारायला संकोच करू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय लेकराला खरं काय सांगायचं तेच ठरत नाही. ‘नुसती जागा बधिर करू’ म्हणाले तर ‘मूल सुईला फार घाबरतं, भूलतज्ज्ञ मिळतील का?’ असं स्पष्ट विचारा. समजावणं हे दुखणं कमी करणाऱ्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही लागतं.

आठ वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगावं, म्हणजे सोमवारी. चार-पाच वर्षांचं असतं तर आदल्या दिवशी पुरलं असतं, त्या वयात जास्त दिवस दिले की नुसती धास्ती वाढते. झोपायच्या वेळी सांगू नका, संध्याकाळी खेळून आल्यावर सांगा, म्हणजे विचारायला वेळ राहतो. शब्द साधारण असे:

‘तुझ्या रक्तातल्या काही पेशी कमी झाल्यात. रक्त हाडाच्या आत तयार होतं. ऊस कसा बाहेरून टणक आणि आत रस, तसंच हाडाचं असतं. तो आतला रस थोडासा काढून डॉक्टर बघणार आहेत. त्या वेळी तुला गुंगीचं औषध देतील. हातातल्या सलाईनची सुई टोचेल, ते थोडं दुखेल. नंतर उठशील तेव्हा कंबरेला पट्टी असेल आणि तिथं ठणकेल. ते दोन-तीन दिवसांत कमी होतं.’

उसाचं एवढ्यावरच थांबवा, रसवंतीपर्यंत नेऊ नका. मुलं लगेच चरकाचा विचार करतात.

‘दुखणारच नाही’ असं कधी म्हणू नये. ‘हाडाला भोक पाडतात’ असंही नको. आणि हे तुझ्या चुकीमुळे झालेलं नाही, हे आपणहून सांगा. खोडी केली किंवा जेवलो नाही म्हणून ही शिक्षा, असं या वयात मुलांना वाटतं आणि ती बोलून दाखवत नाहीत.

मराठवाड्याचा_बाप
आमच्याकडे म्हणतात की पाठीतून पाणी काढलं की पाय लुळे पडतात. घरात बायामाणसं रडायला लागतात. यात कितपत तथ्य आहे?

वॉर्डातली_सिस्टर
दादा, ही तपासणीच वेगळी. पाठीतलं पाणी मणक्यांच्या मधून काढतात. तिथंही सुई मज्जारज्जूच्या शेवटाच्या खालीच घालतात, त्यामुळे पाय जाण्याची भीती तिथंही धरू नये. बोनमॅरोची सुई तर मणक्यात जातच नाही. कंबरेखाली, ढुंगणाच्या वर दोन्ही बाजूंना दोन खळगे दिसतात ना, तिथल्या हाडात ती घालतात. घरातल्या मोठ्यांना स्वतःच्या कंबरेला हात लावून ती जागा दाखवा, बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं. काढलेला मगज शरीर पुन्हा तयार करतं, त्याने अशक्तपणा येत नाही. आणि ज्यांना रडू आवरत नाही त्यांनी त्या दिवशी घरीच थांबावं, हे मी प्रेमानंच सांगते.

खेळघर_ताई
सोमवारी सांगून झालं की मंगळवारी-बुधवारी खेळातून सराव करा. जुनी बाहुली, कापूस, बिनसुईची ५ मिलीची सिरिंज, थोडं बीटाडीन, कागदी चिकटपट्टी, एवढं पुरे. डॉक्टर तो आणि पेशंट बाहुली. क्रम खराच ठेवा: हाताला सलाईन, नाकाजवळ मास्क, बाहुली झोपली, कुशीवर वळवली, गार तपकिरी औषध पुसलं, सिरिंजने ओढलं, दाबून धरलं, पट्टी. तो कुठं अडखळतो किंवा कोणती पायरी गाळतो ते बघा, त्याची भीती बहुधा तिथंच असते. तिथं थांबून ‘इथं काय होईल असं वाटतं?’ एवढंच विचारा. एकदा पाठ झालं की पुन्हा पुन्हा घोकून घेऊ नका.

गुंगी देणार नसतील तर सराव वेगळा. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि भिरभिरं फिरत राहील असं हळू, लांब फुंकायचं. रोज पाच-पाच मिनिटं, दोनदा. त्याचं काम एकच, कंबर हलवायची नाही. ‘ओरडलास तरी चालेल, रडलास तरी चालेल, फक्त कंबर स्थिर’ हे स्पष्ट सांगा. ‘शूर मुलं रडत नाहीत’ म्हटलं की रडू दाबण्यातच त्याची सगळी ताकद जाते. नमुना ओढताना काही सेकंद जोराची कळ येते, कधी मांडीपर्यंत. बधिर करायच्या इंजेक्शनने कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर होतं, आतली ओढ मात्र बधिर होत नाही. म्हणून डॉक्टरांना ‘ओढायच्या आधी आम्हाला सांगा’ अशी विनंती करा आणि तेव्हा मोठ्याने दहापर्यंत मोजा.

निवड द्यायची ती खरी असू दे. सलाईन कोणत्या हाताला, मोबाइलवर काय लावायचं, सोबत कोणतं खेळणं. ‘आता करायचं का?’ हे विचारू नका, तो नाही म्हणाला तर आपल्याकडे उत्तर नसतं.

अजून एक. त्या वेळी ‘काही नाही होत, काही नाही होत’ हे आपल्या तोंडून आपोआप निघतं. सारखा असा धीर दिला की मुलाची भीती उलट वाढते, असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्याऐवजी गोष्ट सांगा, कोडी घाला, क्रिकेटवर बोला. तुम्ही उशाशी, त्याच्या तोंडासमोर बसा. हातपाय दाबून धरायचं काम आईबापानं करू नये.

भूलतज्ज्ञ_लातूर
उपाशी राहण्याबद्दल नीट वाचा, कारण नंबर रद्द होतात ते बहुतेक यामुळेच. जेवण, बिस्किट, दूध, दुधाचा चहा हे सगळं ६ तास आधी बंद. तळलेलं, तुपातलं असेल तर ८ तास. साधं पाणी किंवा साखरपाणी २ तास आधीपर्यंत चालतं, दवाखान्याने वेगळं सांगितलं नसेल तर. रात्रीपासून पाणीसुद्धा तोडू नका, सुकलेल्या मुलाची शीर सापडत नाही आणि मग हातावर जास्त वेळा टोचावं लागतं. पहाटेच्या एसटीने येणार असाल तर सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवा, स्टँडवर कुणीतरी मायेनं पुडा हातात देतंच. जमलं तर आदल्या रात्रीच मुक्कामी या. आणि त्याने काही खाल्लंच तर लपवू नका. गुंगीत उलटी होऊन ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. नंबर पुढे गेलेला चालेल.

हलणारा दात असेल तर आधी सांगा, आठव्या वर्षी तो बहुधा असतो. ताप, ओला खोकला असेल तरी सांगा. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, तिथं ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो.

गुंगी शिरेतून देणार असतील तर मुलाला जाणवणारी मोठी टोच सलाईनचीच. त्यासाठी लिग्नोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम मिळतं. चोळायचं नाही, जाड थर ठेवून वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि पूर्ण ६० मिनिटं थांबायचं. वीस मिनिटांत काढून ‘उपयोग झाला नाही’ म्हणणारे पुष्कळ. दोन्ही हातांना लावा, एका हाताची शीर हुकली तर दुसरा तयार असतो. कातडी पांढरी पडते, ते नेहमीचंच. मात्र डॉक्टरांना विचारूनच आणा, जी-सिक्स-पीडी (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असलेल्या मुलांना ते चालत नाही.

केटामिन हे गुंगीचं औषध दिलं तर डोळे उघडे राहतात, बुबुळं हलतात, लाळ येते. मूल जागं आहे असं वाटून घाबरू नका. शुद्धीवर येताना बडबड, रडणं, एखादी उलटी होऊ शकते. तेव्हा भोवती एकच माणूस, आवाज कमी, उजेड कमी.

स्लाइडवाला
लॅबकडून थोडं. नमुने दोन प्रकारचे असतात. पातळ नमुना एक-दोन चमचे. हाडाचा तुकडा साधारण २ मिलीमीटर जाड आणि एक-दोन सेंटीमीटर लांब. पातळ नमुन्याच्या स्लाइड तिथंच लगेच करतात, नाहीतर तो गोठतो. कधी ओढूनही काहीच येत नाही. आत मगज गच्च भरलेला असतो किंवा तंतू वाढलेले असतात म्हणून असं होतं, डॉक्टरांचा हात चुकला म्हणून नव्हे. अशा वेळी तुकडाच कामी येतो, आणि कधी सुई दुसऱ्यांदा घालावी लागते. लेकराला ‘एकदाच’ असं वचन देऊ नका.

स्लाइडचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत येऊ शकतो. तुकड्यातलं चुन्याचं टणकपण आधी काढावं लागतं, म्हणून त्याला जास्त दिवस. गुणसूत्रांच्या तपासणीला दोन-तीन आठवडेही लागतात. काही नमुने पुण्या-मुंबईला जातात, तेव्हा कोणता नमुना कुठं गेला ते कागदावर लिहून घ्या.

गोदाकाठची_माय
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला. गुंगी देणार आहेत, आणि तो झोपेपर्यंत मला आत थांबू देणार आहेत. दोन शंका. त्याच्या कंबरेला करदोडा आहे, आजी काढू देत नाहीत. आणि त्याने ‘मला कॅन्सर झालाय का?’ विचारलं तर? घरी आणल्यावर काय बघायचं तेही सांगा.

वॉर्डातली_सिस्टर
करदोडा नेमका पट्टीच्या जागेवर येतो, तो काढावाच लागेल. टेबलावर ऐनवेळी कात्रीने कापला तर लेकरू आणि आजी दोघंही बिथरतात. बुधवारी संध्याकाळी आजींच्याच हातानं सोडवून घ्या आणि जखम भरेपर्यंत देवाजवळ ठेवा.

कॅन्सरचं विचारलं तर खरं तेच सांगा: ‘ते अजून कुणालाच माहीत नाही, तेच बघायला ही तपासणी आहे. कळलं की तुला मीच सांगेन.’ पेशी कमी होण्याची इतरही कारणं असतात, रिपोर्टच्या आधी घरात कुजबुज नको. मुलं दाराआडून ऐकतात.

तपासणीनंतर जागा दाबून धरतात, मग पाठीवर झोपवतात, म्हणजे अंगाच्या वजनानं दाब राहतो. प्लेटलेट कमी आहेत म्हणून हा वेळ जास्त लागेल, घाई करू नका. पट्टी २४ तास कोरडी ठेवायची, तोवर आंघोळ नाही, अंग पुसा. दोन-तीन दिवस सायकल, उड्या, कुस्ती बंद.

ठणक्याला पॅरासिटामॉल, दर किलोला १५ मिलीग्रॅम, म्हणजे २० किलोला ३०० मिलीग्रॅम. दोन डोसमध्ये ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवरचा आकडा वाचा: ५ मिलीत २५० असेल तर ६ मिली, ५ मिलीत १२० असेल तर साडेबारा मिली. चमच्यानं नको, सिरिंजनं मोजा, आणि निघण्यापूर्वी डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, मेफेनामिक ॲसिड यांतलं काहीच देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

प्रत्येक डोसआधी थर्मामीटर लावा, औषधानं ताप झाकला जातो. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप १००.४ किंवा वर गेला तर रात्र असली तरी निघा. पट्टी रक्तानं भिजत असेल तर १० मिनिटं सलग दाबा, मध्ये उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही, जागा सुजून लाल झाली किंवा पू आला तर तडक दवाखाना. वॉर्डाचा रात्रीचा नंबर गुरुवारी निघतानाच घेऊन ठेवा.