दहावीच्या पुस्तकात डार्विन पाहिजे का नको?

लातूरचा मास्तर: २०१८ च्या जानेवारीत केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह वैदिक संमेलनाला आपल्याच औरंगाबादला आले होते (आताचं संभाजीनगर), तेव्हा म्हणाले डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी बघितला नाही, शाळेतून बदला हे. आपण हसलो. मग २०२३ ला एनसीईआरटीच्या (केंद्राची शाळेची पुस्तकं काढणारी संस्था) नव्या छपाईत दहावीच्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' धड्यातली उत्क्रांतीच गायब, १८०० च्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून विरोध केला तरी. आपल्या स्टेट बोर्डात विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आहे हा. तोही गेला तर चालंल का?

माळकरी नांदेड: मी वारी करणारा माणूस, डार्विनशी माझं भांडण नाही. पण काही सर धडा शिकवता शिकवता 'देवबिव काही नसतं' म्हणून मोकळे होतात, हे पुस्तकात कुठंय? पोरगं घरी येऊन आजीला हसू लालंय. अन् मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, पाण्यातून जमिनीवर, जनावरातून माणूस, आपल्या दशावतारात आधीच आहे की हे. शेवटी डार्विनची पण थेअरीच ना.

वावरवाला जालना: थेअरी म्हणता तर वावरात चला दादा. बीटी कापूस (झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं तो) २००२ ला आला, डबल जीनवाला, म्हणजे दोन विषांचा, २००६ ला, गुलाबी बोंडअळी मरायची. २०१७ ला तीच अळी बीटीच्या बोंडात बसून सरकी खात होती, बोंड फोडलं की आत नुसती कवडी, म्हणजे किडका कापूस. अळीनं काही ठरवलं नव्हतं, एखादी विष पचवून जगली, तिचीच पिलावळ वाढत गेली, बाकीच्या मेल्या, झालं, हीच उत्क्रांती. पाकिटात नॉनबीटीचं १२० ग्रॅमचं पुडकं यायचं ना, ते कडंनी लावायचं ते एवढ्यासाठीच की साध्या अळ्या तिथं जगाव्यात अन् त्यांचा ह्या पचवणाऱ्यांशी संकर व्हावा, म्हणजे पुढची पिलावळ परत विषानं मरंल. आपण काय केलं? जागा कशाला अडवायची म्हणून बहुतेकांनी फेकलं. डीलरनं पण सांगितलं नाही.

पैठणची वाचक: दशावतारात माशाचं कासव झालं असं कुठंच नाहीये हो, एकच देव वेगवेगळी रूपं घेऊन येतो. त्यात डार्विन कोंबला की पुराण पण बिघडतं अन् विज्ञान पण. मी रोज हरिपाठ म्हणते, मला काही अडचण येत नाही. अन् माणूस आजच्या माकडापासून आला असं डार्विन म्हणतच नाही, दोघांचा पूर्वज एक एवढंच.

उदगीरकर: हे भांडण अमेरिकेचं आहे, तिकडं १९२५ ला टेनेसीत स्कोप्स मास्तरला उत्क्रांती शिकवली म्हणून १०० डॉलर दंड झाला. आपल्याकडं डार्विन शिकवला म्हणून कोणत्या मास्तरला कोर्टात नेलं? कोरोनात पोरांवर अभ्यासाचा लोड जास्त झाला म्हणून धडा कमी केला, बारावीच्या बायोलॉजीत आहेच की. उगं धर्म मधी आणू नका.

लातूरचा मास्तर: बारावीला बायो घेणारे किती, उदगीरकर? आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचं विज्ञान दहावीलाच संपतं. अन् लोड कमी करायचा तर हाच धडा बरा सापडला! पण माळकरी दादांचं एक खरंय, वर्गात देवावर घसरायचं काम नाही, त्या सरांना मी पण बोललो असतो.

माळकरी नांदेड: मग धडा ठेवा, पण असा बोंडअळीवरून शिकवा, माकडावरून नको.

वावरवाला जालना: माकड पण पाहिजे दादा, अळीपुरतं खरं अन् माणसापुरतं खोटं असं कसं चालंल? बाकी बोंडअळीचे पतंग वासानं ओढणारे कामगंध सापळे लावले का औंदा?

माळकरी नांदेड: लावलेत. पतंग सापडू लालेत रोज.