मोज्लीला आघाडीवर जाऊ द्यायला नको होतं

अणुरेणू:
10 ऑगस्ट 1915, पहिलं महायुद्ध. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत, चुनुक बैरच्या लढाईत, टेलिफोनवरून हुकूम पोचवत असताना ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोज्लीच्या डोक्यात गोळी लागली. वय 27.

दोनच वर्षांपूर्वी मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डच्या प्रयोगशाळेत त्याने एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण मोजायला घेतले. एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना त्यांच्या वारंवारतेचं वर्गमूळ एकेक पायरीने चढत जातं, हे त्याला दिसलं. तोवर आवर्तसारणी अणुभारावर उभी होती, आणि कोबाल्ट निकेलपेक्षा जड असूनही आधी का, याला उत्तर नव्हतं. मोज्लीने दाखवलं की खरा क्रम अणुक्रमांकाचा, म्हणजे अणुकेंद्रातल्या धनभाराचा: कोबाल्ट 27, निकेल 28. एवढंच नाही, 43, 61 आणि 75 या जागा रिकाम्या आहेत, हेही सांगितलं. अशा माणसाला संदेशवहन अधिकारी म्हणून खंदकात पाठवणं हा मला गुन्हाच वाटतो. सैन्याच्या ताठर व्यवस्थेवर खुद्द रदरफर्डने तेव्हा बोट ठेवलं होतं.

सह्यवारा:
दुःख मलाही होतं. पण तो ओढून नेलेला नव्हता. युद्ध पेटलं तेव्हा तो परिषदेसाठी ऑस्ट्रेलियात होता, तिथून परतून स्वतः भरती झाला.

माझं आजोळ साताऱ्याकडचं. तिथल्या एकट्या अपशिंगे गावाने त्या युद्धात 46 माणसं गमावली. त्यातल्या किती जणांना शाळेचं तोंड बघायला मिळालं असेल? त्यांच्या डोक्यात काय होतं हे कुणी मोजलंच नाही. मोज्लीला मागे ठेवायचं, तर त्याच्या जागी तो टेलिफोन कुणाच्या हातात द्यायचा, हे आधी सांगा.

काचनळी:
सह्यवारा, प्रश्न रास्त आहे, पण मागे ठेवणं म्हणजे घरी बसवणं नव्हे. लॉरेन्स ब्रॅगही क्ष-किरणांवरच काम करणारा. सैन्याने त्याला तोफांच्या आवाजावरून त्यांची जागा शोधायच्या कामाला लावलं. तो जगला, आणि सैन्यालाही त्याचा उपयोग झाला.

सह्यवारा:
उपयोग कशासाठी? जागा सापडली की त्या तोफेवर मारा, म्हणजे तिथल्या माणसांवर. त्याच 1915 च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला, त्यामागे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रित्झ हाबर होता. तोही शास्त्रज्ञच, आणि आपण देशाचंच काम करतोय असं त्यालाही वाटत होतं. शास्त्रज्ञाला 'सुरक्षित' ठेवायचं ठरलं की तो बहुधा अशाच कुठल्यातरी खोलीत पोचतो. मोज्ली निदान इतरांच्या बरोबरीने उभा राहिला.

अणुरेणू:
हाबरचं उदाहरण बोचलं, खोटं बोलणार नाही. तरी 43 क्रमांकाचं मूलद्रव्य हाती यायला 1937 उजाडलं आणि 61 ला 1945, हे वाचताना मला दर वेळी तोच आठवतो. युद्धावर असतानाच मृत्युपत्र करून त्याने आपली मालमत्ता आणि उपकरणं रॉयल सोसायटीला संशोधनासाठी दिली होती. जीव कशात होता, ते त्यातून कळतं.

सह्यवारा:
ते मृत्युपत्र त्याची निवड, तशी आघाडीही त्याचीच निवड. एक मानायची आणि दुसरी नाही, असं कसं?

अणुरेणू:
भरती होणं त्याची निवड, मान्य. पण सही केलेल्या माणसाला कुठे पाठवायचं हे सैन्य ठरवतं. ब्रॅगच्या बाबतीत त्यांनी विचार केलाच ना? मग मोज्लीच्या वेळी तो का झाला नाही, माझं भांडण तेवढंच आहे.